१.० म्हणायचं कधी? ओपन सोर्स सॉफ्टवेअर ‘स्टेबल’ ठरवण्याची एक कामचलाऊ रीत

कोड लिहून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाकणं आता जळगाव-धुळ्याच्या कॉलेजातल्या पोरांनाही अवघड राहिलेलं नाही. अडतं ते पुढे. आवृत्त्यांची गाडी ०.७, ०.८, ०.९ अशी सरकते आणि मग तिथेच उभी राहते, १.० चं, म्हणजे पहिल्या ‘स्टेबल’ (भरवशाच्या) आवृत्तीचं, नाव कुणी काढत नाही. नाहीतर उलटं होतं. स्पर्धेची नाहीतर उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून एका रात्रीत १.० चा शिक्का बसतो आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात.

या लेखासाठी एक काल्पनिक नमुना डोळ्यासमोर ठेवू: केळी खरेदीचा हिशेब ठेवणारं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, सॉफ्टवेअर. शेतकऱ्याचं नाव, गाडी, काट्यावरचं वजन, त्या दिवसाचा भाव, मजुरी, आधी घेतलेली उचल, आणि शेवटी छापील पट्टी. वापरणारे रावेर, यावल, चोपडा, शिरपूर भागातले खरेदीदार आणि त्यांचे मुनीम.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘सगळे दोष संपले का’ असं विचारत बसलात तर १.० कधीच येणार नाही. ज्याच्याकडे तुमचा फोन नंबर नाही, अशा माणसाकडे हे बिघडलं तर त्याचं किती नुकसान होईल आणि तो स्वतःचा स्वतः सावरू शकेल का, एवढं तपासायचं. केळीचा घड कधी उतरवायचा हे घडाकडे बघून अर्धंच ठरतं, उरलेलं ठरतं माल कुठे जाणार त्यावर: लांबच्या बाजाराचा घड कोन दिसत असतानाच कापतात, जवळच्यासाठी भरू देतात. सॉफ्टवेअरचं गणित बरोबर उलटं. ते तुमच्यापासून जितकं लांब जाणार, तितकं जास्त भरलेलं हवं.

पायरी १: वचन कागदावर आणा

आवृत्तीच्या आकड्यांची सर्वमान्य पद्धत म्हणजे सिमँटिक व्हर्जनिंग. तीन अंक: पहिला बदलला तर जुनं काहीतरी मोडलंय, दुसरा बदलला तर नवं काही आलंय, तिसरा बदलला तर फक्त दुरुस्ती. पहिला अंक शून्य असेपर्यंत काहीही केव्हाही बदलू शकतं. १.०.० पासून मात्र बाहेरच्यांशी करार झाला असं धरतात. याच नियमावलीत म्हटलंय की लोक तुमचं सॉफ्टवेअर खऱ्या कामात वापरत असतील, तर ते बहुधा आधीच १.०.० असायला हवं होतं.

हे वाक्य पुष्कळांनी मनावर घेतलं नाही. वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा) हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला, १.० आली जून २००८ मध्ये. सायपायची (पायथनमधली शास्त्रीय गणितं करणारी) ०.१ आवृत्ती २००१ ची, १.० थेट २०१७ ची. इंकस्केप (चित्रं काढायचं) २००३ चं, १.० मे २०२० मध्ये. लोक ही सगळी साधनं त्याआधी वर्षानुवर्षं कामाला लावून बसले होते. तुम्ही नम्रपणे शून्य लावून ठेवलं तरी मुनीम रोज त्यावर पट्ट्या छापतोय. वचन दिलेलंच आहे, फक्त कुठे लिहिलेलं नाही.

तर एक पान लिहा. डेटाच्या फाइलचा साचा, अकाउंटंट जी सीएसव्ही (रकान्यांची साधी फाइल) उचलतो तिच्यातल्या रकान्यांचा क्रम, पट्टीचा नमुना, चालणाऱ्या विंडोज आणि अँड्रॉइड आवृत्त्या, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या किती महिने देणार तो कालावधी. हे सगळं वचनात येतं. जे अजून कच्चं आहे, समजा काट्यावरून वजन थेट कॉम्प्युटरमध्ये घेण्याची सोय, तिच्यावर स्क्रीनवरच ‘प्रायोगिक’ लिहा. रीडमीमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलीत, लिहून उपयोग नाही, मुनीम रीडमी वाचत नाही.

केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या ४.० चं उदाहरण इथे आठवावं. ११ जानेवारी २००८ ला ती बाहेर पडली. करणाऱ्यांच्या मनात होतं की ही नव्या पायाची पहिली आवृत्ती आहे, ॲप लिहिणाऱ्यांनी यावर काम सुरू करावं. वापरणाऱ्यांनी ‘.०’ बघितलं आणि तयार डेस्कटॉप आला असं समजले. काही डिस्ट्रोंनी (लिनक्सचे तयार संच वाटणाऱ्यांनी) ती लोकांपर्यंत पोचवली आणि तक्रारींचा पाऊस पडला. शिक्क्याचा अर्थ शेवटी वाचणारा लावतो.

पायरी २: अडवणारे दोष कोणते, हे दोष दिसण्याआधी ठरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. यादी समोर आल्यावर निकष ठरवायला बसलात, तर ज्याने जे लिहिलंय त्याला त्यातला दोष किरकोळच वाटणार.

डेबियन या डिस्ट्रोमध्ये ‘रिलीज क्रिटिकल’ नावाचा ठरलेला वर्ग आहे. त्यातला दोष असलेलं पॅकेज स्टेबलमध्ये जात नाही. दोष काढा, नाहीतर पॅकेजच बाहेर काढतात. तयार होईल तेव्हाच काढू, हा त्यांचा बाणा. त्यापायी जुलै २००२ नंतरची पुढची स्टेबल आवृत्ती, सार्ज, जून २००५ मध्ये आली. इतका उशीर आपल्याला परवडणार नाही, पण वर्गवारी उचलण्यासारखी आहे.

आपल्या नमुन्यात मी पाच गोष्टी अडवणाऱ्या मानेन. साठवलेली नोंद हरवणं. रक्कम चुकणं. एकाचा हिशेब दुसऱ्याला दिसणं. जुन्या आवृत्तीवरून नवीवर जाता न येणं. आणि मागच्या आवृत्तीत चालत होतं ते या आवृत्तीत बंद पडणं. बाकी बटणाचा रंग, हळू उघडणारी स्क्रीन, एखाद्या प्रिंटरवर वाकडा येणारा समास, हे ‘माहीत असलेले दोष’ म्हणून छापून पुढे जायचं.

रक्कम चुकण्याबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण प्रोग्रॅम बंद पडण्यापेक्षा हे वाईट. बंद पडलेला सगळ्यांना दिसतो, चुकलेला आकडा पट्टीवर छापून घरी जातो. ४७ क्विंटल ३५ किलो माल, भाव १,२८५ रुपये, रक्कम ६०,८४४ रुपये ७५ पैसे. पट्टीवर पूर्ण रुपयात ६०,८४५ छापलं. आता महिन्याची बेरीज करताना प्रोग्रॅम छापलेले आकडे मिळवतो की आतले पैशासकटचे? दोन्हीत चार-सहा रुपयांचा फरक पडतो, आणि चार रुपयांवरून गावात विश्वास जातो. नियम एकच ठेवा, तो लिहून ठेवा, आणि पैसे दशांश अपूर्णांकाच्या तरंगत्या (फ्लोटिंग पॉइंट) प्रकारात साठवू नका. पूर्णांकात, पैशांमध्ये साठवा. वजन किलोत किंवा ग्रॅममध्ये, तेही पूर्णांकात.

पायरी ३: शांततेवर भरवसा ठेवू नका

पुस्तकी पद्धत सांगते की नव्या तक्रारींचा ओघ आटला की सॉफ्टवेअर पिकलं. आपल्याकडे हा मापदंड फसवा आहे. शिरपूरचा मुनीम गिटहबवर इश्यू (तक्रारीची नोंद) उघडत नाही. तो व्हॉट्सॲपवर आवाज पाठवतो, ‘भाऊ, पट्टी निंघी नही राह्यनी’, आणि पाच मिनिटांत उत्तर आलं नाही तर वही काढून हाताने पट्टी लिहितो. तुमच्या यादीत शून्य तक्रारी, आणि तिकडे वापरच थांबलेला.

म्हणून ज्याच्याकडे फोन येतात त्याने प्रत्येक फोनची नोंद इश्यूमध्ये करायची, बोलीतली मूळ तक्रार जशीच्या तशी लिहून, आणि शेजारी आवृत्तीचा आकडा. आवृत्ती विचारायची सवय लावा. ती पट्टीच्या तळाशी बारीक अक्षरात छापली तर विचारावंच लागत नाही. आणि तक्रारींसोबत वापरही मोजा. गुपचूप डेटा गोळा करू नका, सरळ फोन करून विचारा की या आठवड्यात किती पट्ट्या यावर काढल्या आणि किती हाताने. हाताने काढलेल्या पट्ट्यांची कारणं म्हणजेच तुमची खरी यादी.

पायरी ४: गोठवा, आणि जमत नसेल ते उपटून काढा

तारीख ठरली की त्या तारखेनंतर नवं काही आत येणार नाही, फक्त दुरुस्ती. सांगायला सोपं, पाळायला कठीण, कारण शेवटच्या आठवड्यातच कुणीतरी फार चांगली कल्पना घेऊन येतो. त्याला वेगळी शाखा, म्हणजे कोडची वेगळी प्रत, काढून द्या.

अर्धवट राहिलेल्या भागाचं काय करायचं हे पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींकडून शिकावं. आवृत्ती १५ च्या वेळी एसक्यूएल-जेसनचं (जेसन साच्यातला डेटा हाताळण्याच्या सोयीचं) मोठं काम आत आलं होतं, बीटामध्येही, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीतही, होतं. दर्जाबद्दल शंका राहिली म्हणून ऑक्टोबर २०२२ मधल्या रिलीजच्या थोडं आधी त्यांनी ते सगळं बाहेर काढलं, आणि पुढच्या आवृत्त्यांत टप्प्याटप्प्याने परत आणलं. भावनेला धक्का लागतो खरा, पण वापरणाऱ्याला न मिळालेली सोय बिघडलेल्या सोयीपेक्षा बरी.

तारीख पुढे ढकलण्यातही लाज नाही. उबुंटू या डिस्ट्रोची पहिली दीर्घ मुदतीची आवृत्ती एप्रिल २००६ मध्ये यायची होती; दीर्घ मुदतीचा आधार द्यायचा तर जरा घासूनपुसून देऊ म्हणत त्यांनी सहा आठवडे घेतले, आणि ती ६.०४ ऐवजी ६.०६ झाली. किती दिवस आणि कशासाठी, हे दोन्ही सांगून ढकललं तर लोक थांबतात.

पायरी ५: आरसी काढा, पण ती खरी आरसी असू द्या

आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट: काही सापडलं नाही तर हीच फाइल नाव बदलून १.० होणार. तीत एक ओळ जरी बदलली तरी आरसी-२ काढायची आणि घड्याळ पुन्हा सुरू करायचं. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) नवं काम घ्यायला दोन आठवड्यांची खिडकी असते, मग दर आठवड्याला एक आरसी. बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आरसीनंतर खरी आवृत्ती येते. आपल्याला आठ लागणार नाहीत. दोन-तीन पुरतात.

किती दिवस ठेवायची? माझा नियम असा की वापरणाऱ्याच्या कामाचं एक पूर्ण चक्र आरसीवरून जायला हवं. खरेदीचा हिशेब असेल तर किमान एक महिनाअखेर. ३१ मार्चची वाट बघता येत नाही, तेव्हा एका वेगळ्या मशीनचं घड्याळ पुढे सरकवून वर्षअखेर आणि १ एप्रिलची सुरुवात चालवून बघा. उचलीची बाकी नव्या वर्षात नीट पुढे ओढली जाते का, पावत्यांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात का, आणि मागच्या वर्षाची पट्टी अजून उघडते का.

पायरी ६: इथल्या उन्हात, इथल्या विजेवर, इथल्या अक्षरांत तपासा

तुमचा लॅपटॉप नवा, इंटरनेट फायबरचं, खोलीत कूलर. गोदामातल्या मशीनचं तसं नाही.

पहिली चाचणी विजेची. पट्टी साठवत असताना सरळ प्लग ओढा. एकदा नाही, नोंद चालू असतानाच्या वेगवेगळ्या क्षणी पुन्हा पुन्हा ओढा. बॅटरी असलेल्या लॅपटॉपवर ही चाचणी होत नाही, जुना डेस्कटॉप लागतो. मशीन पुन्हा सुरू केल्यावर डेटाबेस उघडला पाहिजे आणि ‘साठवलं’ असा संदेश आलेली प्रत्येक पट्टी तिथे दिसली पाहिजे. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वॅल पद्धतीत (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहून) वापरत असाल तर सिंक्रोनसची सेटिंग बघा. ती ‘नॉर्मल’वर असेल तर वीज गेल्यावर फाइल शाबूत राहते, पण शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. हिशेबाला ‘फुल’ लावा, थोडं हळू चाललं तरी चालेल.

दुसरी चाचणी नेटवर्कची. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात वापरायचं असेल तर नेट नाही हीच नेहमीची अवस्था धरा. फोन एअरप्लेन मोडवर टाकून दिवसभराचं काम करा, संध्याकाळी जोडा, आणि एकच पट्टी दोनदा वर गेली का ते बघा.

तिसरी वेळेची. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. तारीख जागतिक वेळेत साठवून तशीच वापरली, तर पहाटे साडेपाचच्या आधी नोंदलेली गाडी आदल्या दिवसात जाते आणि आदल्या दिवसाचा भाव धरते. उन्हाळ्यात कापणी पहाटेच उरकायची घाई असते, म्हणजे हा दोष दुपारी ऑफिसात बसून कधीच सापडणार नाही.

चौथी अक्षरांची, आणि इथे परदेशी चाचण्यांच्या याद्या काहीच मदत करत नाहीत. ‘वऱ्हाडे’ हे आडनाव दोन प्रकारे साठू शकतं: ऱ एकसंध, किंवा र आणि नुक्ता (खालचा टिंब) असे दोन तुकडे. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधायला गेलात तर एक सापडतो, दुसरा नाही. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (अशी दोन रूपं एकाच रूपात आणणं) साठवतानाच लावलं की हा घोळ मिटतो. ‘ॲ’चं मात्र तसं नाही: तो एकसंध लिहिला काय किंवा अ वर चंद्र देऊन लिहिला काय, सामान्यीकरण त्यांना एक मानत नाही, ती जोडी स्वतः सांभाळावी लागते. नावांची क्रमवारी निव्वळ सांकेतिक क्रमांकावर लावली तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये घुसतो आणि ‘काळे’ ‘कासार’च्या आधी येतात, मराठी वर्णमालेप्रमाणे ते नंतर यायला हवेत. देवनागरी आकडे टाकले तर बेरीज होते का, १,००,००० मधले स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडतात का, आणि जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधली गिऱ्हाइकांची यादी आणली तर काय होतं, हेही बघून घ्या. या प्रत्येकाची आपोआप चालणारी चाचणी लिहून ठेवा. एकदा लिहिली की दर आरसीला फुकट चालते.

पायरी ७: वर जायची वाट आणि परतीची वाट

नव्या मशीनवर नवं इन्स्टॉल सगळेच तपासतात. खरे लोक ०.६ वरून येतात, मधल्या दोन आवृत्त्या गाळून. आजवर लोकांना दिलेल्या प्रत्येक आवृत्तीची एक भरलेली डेटा फाइल जपून ठेवा आणि प्रत्येकीवरून थेट १.० वर जाऊन बघा. आधीच्या आणि नंतरच्या बेरजा पैशापर्यंत जुळल्या पाहिजेत. अपग्रेड सुरू होण्याआधी प्रोग्रॅमने स्वतःच बॅकअप घ्यायला हवा, आणि तो बॅकअप परत भरून बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका.

पायरी ८: परक्या हातात द्या

ज्याने कोड पाहिलेला नाही असा कुणी शोधा. जळगावच्या विद्यापीठाशी जोडलेल्या एखाद्या कॉलेजात किंवा शिरपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकणारं पोरगं चालेल, आणि शक्य असेल तर एक मुनीमही. फक्त मार्गदर्शिका हातात द्या. मागे उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. तो जिथे मान वळवून तुमच्याकडे बघेल, ती ओळ पुन्हा लिहायची.

पायरी ९: परवाना आणि पुरवठा

परवान्याची फाइल मुळात आहे का, वापरलेल्या लायब्रऱ्यांचे (दुसऱ्यांच्या तयार कोडचे) परवाने तिच्याशी जुळतात का, लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या लॉक फाइलमध्ये बांधल्या आहेत का. हे तासाभराचं काम.

पॅकेज बांधण्याकडे मात्र नीट लक्ष द्या. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या छोट्याशा पण सगळीकडे असलेल्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत लपवलेलं मागचं दार सापडलं. ते जागं करणारी स्क्रिप्ट गिटच्या भांडारात नव्हतीच, ती फक्त वाटपासाठी बांधलेल्या टारबॉलमध्ये (गठडी फाइलीत) होती. एसएसएच (दुरून दुसऱ्या मशीनवर जाण्याच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे पोस्टग्रेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड खोदत गेले म्हणून सापडलं. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये ती आवृत्ती पोचली होती, स्टेबलमध्ये नाही. तेव्हा रिलीजचं पॅकेज कुणा एकाच्या लॅपटॉपवर हाताने बांधू नका. टॅगवरून (आवृत्तीची खूण लावलेल्या कोडवरून), स्वच्छ मशीनवर, लिहिलेल्या स्क्रिप्टने बांधा. टॅगवर सही करा. फाइलसोबत चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा) द्या.

पायरी १०: माणसं, तारीख आणि ‘हो’ म्हणणारा एक जण

रिलीज काढण्याचे अधिकार आणि चाव्या किमान दोघांकडे हव्यात. एकालाच सगळं येत असेल तर कोड कितीही चांगला असो, मी त्याला स्टेबल म्हणणार नाही. त्या एकाला नोकरी लागून तो पुण्याला गेला की प्रकल्प संपला.

तारीख निवडताना पंचांग बघा. अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी, खानदेशातल्या कानबाईच्या रविवारी, पोळ्याला रिलीज काढू नका, कारण फोन उचलायला कुणी नसेल. केळीच्या ऐन हंगामातही नको. मंगळवार-बुधवारची सकाळ बरी, पुढे दोन-तीन दिवस हातात राहतात.

निर्णयाला सगळ्यांची सहमती लागते असं धरलंत तर निर्णय होत नाही. एकाला रिलीजचा प्रमुख नेमा. त्याच्यासमोर अडवणाऱ्या दोषांची यादी, आरसीचा अहवाल आणि पायरी सहाच्या चाचण्यांचा निकाल ठेवा. अडवणारा दोष शिल्लक असेल तर त्याने ‘नाही’ म्हणायचं, शिल्लक नसेल तर ‘हो’. ‘अजून जरा थांबू’ हे उत्तर चालणार नाही. थांबायचं तर कशासाठी आणि कधीपर्यंत, ते इश्यूमध्ये लिहायचं.

पायरी ११: त्याच दिवशी १.० ची शाखा वेगळी काढा

नवं काम मुख्य शाखेवर चालू द्या, १.० च्या शाखेत फक्त दुरुस्त्या उतरवा. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत, तिथे चाचणी, मग खाली १.० च्या शाखेत. १.०.१ काढावी लागणार हे गृहीत धरून पुढच्या पंधरा दिवसांत एकाचा वेळ राखून ठेवा. पहिल्या आठवड्यात आलेला प्रत्येक फोन पायरी दोनच्या पाच निकषांना लावून बघा. रक्कम चुकल्याचा एक फोन आला तर दुपारपर्यंत डाउनलोडची लिंक जुन्या आवृत्तीकडे वळवा, वापरणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणत्या पट्ट्या तपासायच्या ते तारखांसकट लिहा, आणि मगच कोड उघडा.